सिटी बसने फिरायला शिकताना: इंदूरकरांचे अनुभव हवे आहेत

टिळकनगरकर

मुलगी महाविद्यालयात जाऊ लागली तेव्हा घरातली दुचाकी तिच्याकडे गेली, आणि "आठवडाभर मी माझी काहीतरी सोय बघते," असे म्हणून मी एका सोमवारी गीताभवन चौकात आय-बसमध्ये, म्हणजे राखीव मार्गिकेवरून धावणाऱ्या सिटी बसमध्ये, चढले. ही २०१७ सालची गोष्ट आहे. तो आठवडा अजून चालूच आहे.

माझे कार्यालय भंवरकुआँच्या जवळ आहे. टिळकनगरातून गीताभवनपर्यंत ई-रिक्षा, पुढे बस आणि शेवटी सात-आठ मिनिटे पायी, असा माझा क्रम ठरून गेला आहे. इंदूरमध्ये वाढलेल्या माझ्यासारख्या बाईला शहरातल्या शहरात बसने जाणे आधी काहीसे कमीपणाचे वाटत असे, हे सुरुवातीलाच कबूल करते. आमच्या घरी अकरावीत गेले की लूना आणि नोकरी लागली की स्कूटर, हे जणू लिहून ठेवलेले होते. बस ही सरवटे स्टँडवरून उज्जैनला किंवा देवासला जाण्यासाठी असते, पलासियाहून नवलखाला जायला कोण बस पकडतो, अशीच आमची समजूत होती.

बसने प्रवास करणे ही शिकावी लागणारी गोष्ट आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळले, कारण मी तो आठवडाभर चुकाच करीत होते. आय-बसची स्थानके रस्त्याच्या मधोमध होती. लांबून येणारी बस दिसली की मी लाल-हिरवा काही न बघता धावत सुटत असे. दुसऱ्या दिवशी अशीच धापा टाकत तिकिटाच्या खिडकीशी पोहोचले, तेव्हा रांगेत पुढे उभे असलेले एक गृहस्थ वळून म्हणाले, "मैडम, दूसरी आ रही है, जान थोड़ी देनी है।" त्यानंतर मी बससाठी कधीही धावले नाही. चौथ्या दिवशीची चूक निराळी होती. आयुष्यभर डाव्या दाराने उतरायची सवय असल्यामुळे मी डावीकडे, खिडकीला चिकटून उभी राहिले. मधल्या स्थानकांमुळे आय-बसचे दार उजवीकडे उघडत असे, हे ऐन भंवरकुआँ आल्यावर लक्षात आले. मग पिशवी डोक्यावर धरून, "सरकिए, सरकिए" करीत मी अख्खी बस आडवी ओलांडली, आणि दार माझ्या नाकासमोर बंद झाले. पुढच्या स्थानकावरून मागे चालत येताना मी फक्त स्वतःलाच बोल लावू शकत होते.

तेव्हा माझ्या बसमध्ये रोज एक परिचारिका असायची. विजयनगरकडच्या कुठल्याशा रुग्णालयात रात्रपाळी करून ती घरी परतत असावी. मी चढायचे तेव्हा ती पुढून तिसऱ्या आसनावर, पिशवी पोटाशी घेऊन, मान अजिबात न कलंडू देता गाढ झोपलेली असायची. नवलखा यायच्या आधी बस जरा मंदावली की तिचे डोळे उघडत. एकदाही ती आधी जागी झाली नाही, की एकदाही तिचे स्थानक चुकले नाही. हिला कळते कसे, याचे मला इतके कुतूहल वाटू लागले की मीही डोळे मिटून बसायला लागले. दोनेक महिन्यांत मलाही समजू लागले: अमुक ठिकाणी ब्रेक लागतो तो सिग्नलचा, तमुक ठिकाणचा स्थानकाचा, आणि जीपीओनंतर इंजिनाचा आवाज बदलतो. वीस वर्षे दुचाकी चालवून ज्या रस्त्याचे मला फक्त खड्डे ठाऊक होते, तो रस्ता मी डोळे मिटून ओळखू लागले.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगते. मी बसने जायला शिकले तो काळ सर्वांत सोपा होता. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा आगरा-मुंबई रस्त्यावरचा ११.५ किलोमीटरचा पट्टा २०१३ च्या मे महिन्यात खास बससाठी राखून सुरू झाला होता. त्यात दुसरे वाहन नाही, स्थानकाचा फलाट आणि बसची जमीन एकाच पातळीवर, तिकीट आत शिरण्यापूर्वीच हातात. अशा बसची आवड लागण्यात माझे काही कर्तृत्व नव्हते. मात्र २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांनी ही मार्गिका काढण्याची घोषणा केली, २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाचीही त्याला संमती मिळाली, आणि कठडे निघत गेले तशी बस मोटारी, दुचाकी आणि ई-रिक्षांच्या गर्दीत मिसळली. त्यामुळे मला सगळे पुन्हा शिकावे लागते आहे, आणि या वेळी ते तितके सोपे नाही. जे अजूनही बसने जातात, ते कसे जातात, आणि का जातात? ज्यांनी सोडली, त्यांचेही ऐकायला आवडेल.

रामबागवासी

ताई, आपले लेखन वाचले आणि आधी टेंपो आठवला. आपण त्याचा उल्लेख केला नाही म्हणून मी करतो, कारण आमच्या पिढीचे शहर टेंपोने चालले. तीन चाके, पुढे लांबट नाक, मागे समोरासमोर दोन बाके, आणि बसलेल्यांचे गुडघे एकमेकांत दातेरी चाकांसारखे अडकलेले. त्याला थांबा नव्हता आणि वेळही नव्हती. माणसे भरली की तो निघायचा आणि कोणी हात केला की थांबायचा. राजवाड्यावरून घरी येईपर्यंत धोतर काळे होत असे, असे आमचे वडील म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. २००६ च्या सुरुवातीला नव्या सिटी बस रस्त्यावर आल्या तेव्हा ठरलेला क्रमांक, ठरलेला मार्ग आणि उभे राहायला ठरलेली जागा या तिन्ही गोष्टी आम्हाला नव्या होत्या. आमच्या शेजारचे एक काका पहिले कित्येक दिवस थांबा सोडून आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून बसला हात करीत, आणि बस थांबली नाही की रागावत.

माझे वय आता चौऱ्याहत्तर आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मी स्कूटर सोडली. मुलगा गुणी आहे, कुठेही मोटारीने सोडतो. परंतु त्याने सोडायचे म्हणजे त्याला विचारायचे, आणि विचारायचे म्हणजे कारण सांगायचे. महाराष्ट्र साहित्य सभेत व्याख्यान आहे हे कारण चालते. मला सहज एका मित्राकडे जाऊन दोन तास बसायचे आहे, हे कारण वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मुलासमोर उच्चारताना जीभ अडखळते. बसला कारण सांगावे लागत नाही. आपण "का जातात" असे विचारले आहे, त्याचे माझे उत्तर एवढेच आहे.

"कसे" याचे उत्तर मात्र पायरीत आहे. आपण फलाट आणि बसची जमीन एका पातळीवर असल्याचे लिहिले, ते तरुण माणसाला सोयीचे वाटते, म्हाताऱ्याला तो जाऊ शकतो की नाही याचा निकाल वाटतो. रस्त्याच्या कडेला बस पदपथापासून हातभर लांब थांबली की आधी रस्त्यावर उतरायचे आणि तिथून पायरी चढायची. माझा उजवा गुडघा आखडतो, म्हणून मी आधी डाव्या हाताने दांडा धरतो, डावा पाय वर ठेवतो, आणि मग उजवा पाय सामानासारखा ओढून घेतो. याला चार-पाच सेकंद लागतात. माझ्या नेहमीच्या बसमधला कंडक्टर दाराच्या पत्र्यावर थाप मारून ओरडतो, "रुको उस्ताद, बुजुर्ग हैं!" सगळी बस माझ्याकडे पाहते. पहिल्यांदा संकोच वाटला होता, आता मी त्याला राम राम करतो.

एक अवांतर मुद्दा. राजवाड्याभोवतीच्या जुन्या वस्तीत बस का येत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी केलेला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल १९१८ सालचा आहे. जुन्या वस्तीतून सरसकट रुंद रस्ते कापत जाण्याला त्यांचा विरोध होता. जेवढे दुखते तेवढेच कापावे, बाकीचे जपावे, अशी त्यांची पद्धत होती. ते स्वतः गल्लीबोळ पायी फिरून पाहत. आमच्या गल्ल्या अरुंद राहिल्या म्हणून सराफा बाजार सराफा राहिला. तेव्हा बसने कडेपर्यंत आणावे आणि तिथून माणसाने चालावे, यात मला काही अन्याय दिसत नाही.

विजयनगरकर

आपणा दोघांचेही लेखन आवडले, तरीही थोडा विरोधी सूर लावतो, कारण अशा चर्चेत बसचे कौतुक करणारेच अधिक लिहितात आणि सोडून गेलेले गप्प बसतात.

माझे कार्यालय सुपर कॉरिडॉरवर आहे. दुचाकीने घरापासून कार्यालयाच्या वाहनतळापर्यंत मला पंचवीस मिनिटे लागतात. मी गेल्या वर्षी प्रामाणिकपणे एक महिना बसने जाऊन पाहिले. थांब्यापर्यंत चालणे आठ मिनिटे, वाट पाहणे कधी पाच तर कधी वीस मिनिटे, बदली धरून बसमध्ये पाऊण तास, आणि उतरल्यावर पुन्हा चालणे, तेही अशा रस्त्याने की जिथे एका झाडाची सावली नाही. दिवसाकाठी दीड तास अधिक गेला. घरी चार वर्षांचा मुलगा आहे. तो साडेआठला झोपतो. दीड तासाचा अर्थ माझ्यासाठी हा आहे.

मेट्रोमुळे हे सुटेल असे सांगितले जाते. गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर हा सुमारे ६ किलोमीटरचा पहिला टप्पा ३१ मे २०२५ रोजी सुरू झाला तेव्हा मीही कुटुंबासह हौसेने जाऊन बसलो, आणि डबा खरोखर उत्तम आहे. परंतु स्थानकापर्यंत जायचे कसे आणि उतरल्यावर पुढे काय, हा प्रश्न मेट्रोलाही चुकलेला नाही, आणि त्याचे उत्तर पुन्हा बस हेच आहे. म्हणून बसची "आवड लावून घ्या" असे कोणी म्हटले की मला थोडा राग येतो. आवड हा ज्याच्याजवळ वेळ आहे त्याचा विषय आहे.

गणिताचा मास्तर

विजयनगरकर यांचा राग मला रास्त वाटतो. परंतु त्यांच्याच लेखनात एक वाक्य असे आहे की ज्यावर मी तीस वर्षे शिकवत आलो तो विषय उभा आहे: "कधी पाच तर कधी वीस मिनिटे". लोक म्हणतात की बस हळू जाते म्हणून आम्ही बसने जात नाही. माझा अनुभव असा आहे की बस हळू गेल्याचे कोणाला फारसे दुःख नसते. ती केव्हा येईल हे ठाऊक नसते, याचे असते.

समजा एका मार्गावर तासाला ६ बस आहेत. त्या बरोबर दहा-दहा मिनिटांच्या अंतराने आल्या, तर वेळ न बघता थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी ५ मिनिटे थांबावे लागेल. आता बस तितक्याच ठेवा, फक्त अंतर बिघडवा: एकदा ४ मिनिटे, एकदा १६ मिनिटे, पुन्हा ४, पुन्हा १६. कागदावर तासाला ६ बस कायम आहेत. परंतु वीसपैकी सोळा मिनिटे लांब अंतराची असल्यामुळे शंभरातली ऐंशी माणसे त्या लांब अंतरात येऊन उभी राहणार आणि सरासरी ८ मिनिटे थांबणार. उरलेली वीस माणसे २ मिनिटे थांबणार. एकंदर सरासरी निघते ६.८ मिनिटे. आणि दोन-दोन बस एकमेकींना चिकटूनच आल्या, तर सरासरी थेट १० मिनिटांवर जाते. एकही बस कमी न होता वाट पाहणे दुप्पट झाले. आपल्याच नशिबी लांबचे अंतर का येते, असे वाटणाऱ्यांचे नशीब वाईट नसते. लांबच्या अंतरात अधिक माणसे सापडतात, इतकेच.

दोन बस का चिकटतात, हेही पाहण्यासारखे आहे, कारण बहुतेकांना त्यात चालकाचा आळस दिसतो. पुढची बस एखाद्या सिग्नलला दोन मिनिटे अडकली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी दोन मिनिटांची जादा माणसे जमलेली असतात. ती चढेपर्यंत बसला आणखी उशीर होतो, म्हणून त्याच्या पुढच्या थांब्यावर आणखी माणसे. मागच्या बसला मात्र उचलायला माणसेच उरत नाहीत, त्यामुळे ती भराभर पुढे येते आणि शेवटी पहिलीच्या पाठीला लागते. पुढची गच्च भरलेली, मागची रिकामी, हे दृश्य नवलखाला कोणीही पाहावे. हा दोष चालकाचा नाही. एकदा अंतर बिघडले की ते आपोआप अधिक बिघडत जाते, हा या व्यवस्थेचा स्वभावच आहे.

राखीव मार्गिकेने नेमके हेच थोपवले होते. लोक तिला वेगाची गोष्ट समजले, माझ्या मते ती नियमितपणाची गोष्ट होती. सपाट फलाट आणि आधीच काढलेले तिकीट यांमुळे दहा माणसे चढायला आणि तीस चढायला लागणाऱ्या वेळात फार फरक पडत नसे, त्यामुळे उशीर चक्रवाढ व्याजासारखा वाढत नसे. अहमदाबादची अशी सेवा २००९ पासून आहे. भोपाळची आपल्याबरोबरच २०१३ मध्ये सुरू झाली आणि २०२४ च्या जानेवारीत तिचे कठडे काढायला सुरुवात झाली. रिकामी मार्गिका शेजारच्या मोटारीतून पाहणाऱ्याला जागेची नासाडी वाटते. मी वर्गात मुलांना हिशेब करायला लावीत असे: पन्नास माणसे दीड-दीडच्या सरासरीने मोटारींत बसवली तर ३३ मोटारी होतात. एक मोटार आणि तिच्यापुढची किमान मोकळी जागा मिळून ५ मीटर धरले तरी ती रांग १६५ मीटर लांब होते. तीच पन्नास माणसे घेऊन जाणारी बस १२ मीटरची असते. म्हणून बसची मार्गिका नीट काम करीत असेल तेव्हाच ती सर्वांत रिकामी दिसते.

विजयनगरकर, यावर आपण काय करू शकता? दोन बदल्यांचा मार्ग टाळा, कारण प्रत्येक बदलीला हा जुगार नव्याने खेळावा लागतो. एकाच बसने जाता येईल असा थांबा घरापासून दूर असला तरी तिथवर चालत किंवा सायकलने जा. आणि गच्च भरलेली बस आली की मान उंचावून तिच्या मागे पाहा.

खिडकीजवळ

मी बुऱ्हाणपूरची आहे. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी भंवरकुआँ भागात राहते, त्यामुळे माझ्याकडे दुचाकी नाही आणि निवड करण्याचा प्रश्नच नाही. इथे सर्वांनी बस निवडण्याबद्दल किंवा सोडण्याबद्दल लिहिले आहे, म्हणून ज्यांना ती निवडता येत नाही त्यांच्या वतीने थोडे लिहिते.

इंदूरला आले त्या आठवड्यात मला विजयनगरला एक परीक्षा केंद्र पाहून यायचे होते. मी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभी राहिले आणि येईल त्या बसमध्ये चढले. चार थांबे गेल्यावर इमारती विरळ होऊ लागल्या, तेव्हा कंडक्टरला विचारले. तो म्हणाला, "बेन, विजयनगर तो पीठ पीछे रह गया।" त्याने पुढच्या थांब्यावर उतरवले आणि समोरून येणाऱ्या बसच्या कंडक्टरला ओरडून सांगितले की या मुलीला विजयनगरला जायचे आहे. त्या दुसऱ्या कंडक्टरने विजयनगर येईपर्यंत तीन वेळा मला "अभी नहीं" असे सांगितले. त्या दिवसापासून मी चढण्यापूर्वी पाटी वाचते आणि तरीही मोठ्याने विचारते. विचारण्यात लाज नाही, हे बसने मला शिकवले. शिकवणीच्या वर्गात अजून जमत नाही.

संध्याकाळनंतरचा मुद्दा कोणीच काढला नाही. सातनंतर परत येताना मला सामायिक ई-रिक्षापेक्षा बस अधिक सुरक्षित वाटते. आत दिवा असतो, कंडक्टर असतो, इतर बायका असतात, आणि गाडी आडवाटेला वळत नाही. माझी खरी भीती बस सोडल्यानंतर सुरू होते. थांब्यापासून खोलीपर्यंत सहाशे पावले आहेत. त्यांतली दोनशे एका बंद दुकानांच्या रांगेसमोरून जातात. तिथला दिवा लागलेला असेल त्या दिवशी बस चांगली, नसेल त्या दिवशी वाईट. काकांनी पायरीबद्दल लिहिले तसेच हे आहे: बस कशी आहे याचा निकाल पुष्कळदा बसच्या बाहेर लागतो.

पुण्याहून_आलेला

बदली होऊन इंदूरला आल्याला तीन वर्षे झाली. पुण्यात २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बसची राखीव मार्गिका सुरू झाली तेव्हापासून तिच्यावर वाद घालणे हा आमचा घरगुती उद्योग होता, त्यामुळे इथले वातावरण मला परके वाटले नाही. फरक एवढाच जाणवला की पुण्यात बसमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही आणि इथे न बोलून सुटका नाही. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या माणसाने माझे गाव, पगार आणि पोहे कुठे खातो ही चौकशी पलासिया येण्यापूर्वी पूर्ण केली, आणि पोह्यांबाबतची माझी निवड चुकीची असल्याचा निर्णयही दिला. पुढे कळले की तो निर्णय योग्य होता.

मास्तरांच्या हिशेबात एक भर घालतो. सुटे पैसे किंवा पास तयार ठेवणे ही सभ्यतेची बाब आहे असे मी समजत होतो. दारात उभे राहून पाचशेची नोट काढणारा प्रत्येक माणूस मागच्या बसला पुढच्या बसच्या जवळ आणतो, हे आता समजले.

टिळकनगरकर

सर्वांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात काही गोष्टी करून पाहत होते.

मास्तर, मान उंचावून मागे पाहण्याचा उपाय मी लगेच अमलात आणला. पंधरा दिवसांत चार वेळा गच्च भरलेली बस सोडली. तीन वेळा मागून दोन-तीन मिनिटांत बरीच रिकामी बस आली आणि मला बसायला जागा मिळाली. चौथ्या वेळी मागे काहीच नव्हते आणि मी कार्यालयात उशिरा पोहोचले, परंतु चारांतले तीन हे प्रमाण मला मान्य आहे. रामबागचे काका, आपले वाचल्यापासून चढताना माझे लक्ष दारापेक्षा माझ्या मागच्या माणसाच्या पायांकडे जाते.

विजयनगरकर, आपला हिशेब मी खोडून काढणार नाही. तो बरोबर आहे. माझी मुलगी चार वर्षांची असती तर मीही दुचाकी सोडली नसती, आणि ज्या दिवशी कार्यालयानंतर आईला दवाखान्यात न्यायचे असते त्या दिवशी आजही मी मुलीकडून गाडी मागून घेते. मला एवढेच म्हणायचे आहे की दुचाकीवरची माझी पंचवीस मिनिटे माझी नव्हती. ती समोरच्या मोटारीच्या मागच्या दिव्याची होती. बसमधली पन्नास मिनिटे लांब आहेत, परंतु त्यात मी गेल्या वर्षभरात घरातली सगळी न वाचलेली पुस्तके संपवली, आणि आता वाचनालयातून आणते. आपल्याला दीड तास मुलासाठी हवा आहे. हा सौदा आपण करू नये, हेच योग्य आहे.

खिडकीजवळ, तुझ्या सहाशे पावलांविषयी वाचून मी एका संध्याकाळी मुद्दाम माझ्या थांब्यापासून पावले मोजत कार्यालयापर्यंत परत चालून पाहिले. साडेआठशे भरली. त्यांत तीन दिवे बंद होते. सकाळी जाणाऱ्या माणसाला हे दिसतच नाही. त्या तिन्ही खांबांचे क्रमांक टिपून मी तक्रार नोंदवली आहे. तूही तुझ्या खांबांचे टिपून ठेव.

शेवटी त्या परिचारिकेची गोष्ट, कारण तिच्याबद्दल मला खासगी निरोपांतून दोघांनी विचारले. मधली काही वर्षे तिची पाळी बदललेली असावी, ती दिसत नव्हती. मागच्या मंगळवारी ती पुन्हा भेटली. केस कानांजवळ पांढरे झाले आहेत, पिशवी तशीच पोटाशी धरलेली. परंतु ती झोपली नव्हती. डोळे मिटायची, ब्रेक लागला की दचकून उघडायची, बाहेर बघायची, पुन्हा मिटायची. आता बस दर शंभर पावलांवर ब्रेक लावते. कधी आडवी आलेली ई-रिक्षा, कधी वळणारी मोटार. त्यांतला नवलख्याचा कोणता, हे तिच्या शरीराला कळेनासे झाले आहे. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींशी एक शब्दही बोललो नव्हतो. तिने माझ्याकडे पाहिले, ओळखले असावे, आणि म्हणाली, "दीदी, नवलखा आए तो उठा देना।"

माझा थांबा नवलख्याच्या पुढे आहे. त्यामुळे आता नवलख्याच्या आधीचा इंदिरा प्रतिमा थांबा गेला की मी हातातले पुस्तक मिटून ठेवते.